फोन दारव्ह्यात, लोकेशन मुंबईत: आयपीवरचं गाव कसं तपासायचं आणि किती मानायचं

पीकविम्याच्या दिवसांत माझ्या ऑनलाइनच्या दुकानाचं शटर अर्धं वर जायच्या आत माणसं पायरीवर येऊन बसलेली असतात. मागच्या हंगामात त्यातल्याच एका काकांनी कागदांची पिशवी बाजूला ठेवली आणि कृषी केंद्राच्या बिलाची मागची बाजू माझ्यापुढे धरली. तिच्यावर बॉलपेननं तीन पासवर्ड लिहिलेले, त्यातले दोन खोडलेले.

"भाऊ, माह्या खात्यात मुंबईचा चोर शिरला. तीनदा पासवर्ड बदलला, तरी थो जाऊन नाही राह्यला."

फोनवर गुगलचा इशारा होता: नवीन साइन-इन, मुंबई, महाराष्ट्र. मी विचारलं, "काका, काल रात्री दुसऱ्या कोणाच्या फोनात मेल उघडला होता का?"

"पुतण्याच्या. माही बॅटरी उतरली होती ना. पण फोन तं घरीच होता, मुंबईले कोण गेलं?"

तो चोर म्हणजे पुतण्याचा फोन. इशाऱ्यातलं शहर आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवर फोनाला मिळणाऱ्या नंबरावरून, अंदाजानं लिहिलेलं असतं. काकांनी घाबरून पासवर्ड बदलला, त्याच फोनातून पुन्हा आत गेले, पुन्हा 'मुंबई' आलं, पुन्हा बदलला. बिलावर उतरवून घेताना शेवटच्या पासवर्डात एक अक्षर चुकलं, त्यामुळे सकाळी ते स्वतःच खात्याबाहेर. विम्याची पावती त्याच मेलात. खातं परत मिळेपर्यंत चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत काकांनी बँकेत जाऊन एटीएम कार्डही बंद करून टाकलं होतं.

महिन्याला असे दोन-तीन जण येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. मोबाइल हाताशी ठेवून वाचा, मधे मधे काही गोष्टी करून बघायच्या आहेत.

आधी दोन नंबर बघा

सेटिंग्ज उघडा. वरच्या शोधपट्टीत 'आयपी' टाइप केलं की बहुतेक अँड्रॉइड फोनांत 'आयपी अ‍ॅड्रेस'ची जागा सापडते; नाही सापडली तर 'अबाउट फोन'च्या आत 'स्टेटस'मध्ये असते. तिथे दिसणारे आकडे कागदावर लिहा. मग ब्राउझर उघडून 'माझा आयपी काय आहे' असं इंग्रजीत शोधा आणि एखाद्या साइटवर दिसणारा आकडा त्याच कागदावर पहिल्याच्या खाली लिहा.

दोन्ही वेगळे आले ना? बहुतेकदा येतातच. पहिला तुमच्या फोनाला घरात किंवा मोबाइल कंपनीच्या आत मिळालेला नंबर, दुसरा बाहेरच्या जगाला दिसणारा. पहिला १९२.१६८ नं सुरू होत असेल तर तो घरच्या वायफायच्या राउटरनं दिलेला आहे. आख्ख्या भारतात लाखो घरांत नेमका तोच नंबर चालू असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. १० नं किंवा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातल्या आकड्यानं सुरू होत असेल तर बहुधा तो मोबाइल किंवा फायबर कंपनीनं आपल्या आतल्या जाळ्यात दिला आहे. काही सिमांवर १९२.०.० असं दिसतं, तोही आतलाच. शिवाय विसर्गचिन्हासारखे दोन-दोन टिंब आणि इंग्रजी अक्षरं असलेला लांबलचक नंबर दिसेल, तो नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६. त्याच्याकडे नंतर येतो.

आता मोबाइल डेटावर असताना विमान मोड चालू करा, वीस-तीस सेकंद थांबा, बंद करा. बाहेरचा नंबर पुन्हा बघा. पुष्कळदा तो बदललेला असतो. माझ्या दुकानात बसून एका सिमवर मी हा खेळ दिवसभर केला, तर सकाळी नागपूर आलं, दुपारी मुंबई, संध्याकाळी परत मुंबई पण नंबर वेगळा. खुर्ची मात्र तीच, मोठ्या झाडाखाली, दारव्हा तालुक्यात.

जुन्या लँडलाइनच्या सवयीनं आपण फसतो. ०७२३२ म्हटलं की यवतमाळ, ०७२५२ म्हटलं की वाशीम. नंबरातच गाव लिहिलेलं असायचं. आयपीच्या आकड्यांत गाव कुठेच नाही. ते गाव बाहेरच्या कोणीतरी अंदाजानं चिकटवलेलं असतं.

गाठीवरचा शिक्का

आमच्याकडच्या माणसाला हे समजावताना मी जिनिंगचं उदाहरण देतो. तुमच्या शेतातला कापूस गाडीत भरून जिनिंगला गेला. तिथे ढिगावर ढीग पडले, सरकी निघाली, रुई दाबली आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर आली. गाठीवर शिक्का जिनिंगचा. एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो, म्हणजे तिच्यात कोणाचा दोन क्विंटल, कोणाचा तीन. गुजरातमधल्या गिरणीवाल्यानं शिक्का वाचून 'हा कापूस अमुक जिनिंगमधून आला' म्हटलं तर बरोबर आहे. 'हा अमक्या काकांच्या वावरातला' म्हटलं तर तो बोलतोय ते त्याला माहीत नाही.

मोबाइल डेटाचं हेच होतं. गावातल्या टॉवरवरून निघालेला डेटा टॉवरवरून थेट जगात जात नाही. कंपनीच्या आतल्या जाळ्यातून तो एका मोठ्या गेटवेपर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. असे गेटवे तालुक्याला नसतात. मोठ्या शहरांत मोजके असतात. टेलिकॉमच्या नकाशात विदर्भ 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये येतो, त्यात गोवाही आहे, आणि मुंबई स्वतंत्र सर्कल. पण डेटा कुठल्या गेटवेतून काढायचा हे कंपनी आपल्या सोयीनं ठरवते, सर्कलच्या रेषेला ती बांधलेली नसते. म्हणून पणजी, पुसद आणि परभणीचा माणूस बाहेरून एकाच शहरातला दिसू शकतो.

आणि एकच नंबर अनेकांना का? नंबर कमी आहेत म्हणून. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण नंबर सुमारे ४२९ कोटी. जगात माणसंच त्याहून जास्त, आणि एकेकाकडे दोन-तीन यंत्रं. शेवटचे मोकळे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला जगातल्या पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. त्यानंतर कंपन्यांनी एका बाहेरच्या नंबरामागे शेकडो ग्राहक बसवायची पद्धत सरसकट सुरू केली. तिला सीजीनॅट म्हणतात, आणि वर सांगितलेला १००.६४ चा टप्पा २०१२ मध्ये खास तिच्यासाठीच राखून ठेवला गेला. बाहेरच्या एका नंबराला ६५,५३६ पोर्ट, म्हणजे डेटा जायला-यायला क्रमांक दिलेले दरवाजे, असतात. कंपनी त्यांचे वाटे करून ग्राहकांना देते. कोणता वाटा कोणाचा हे फक्त कंपनीच्या नोंदीत असतं. हे पोर्टचं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

याचा एक रोखठोक त्रास शेतात कॅमेरा लावणाऱ्यांना होतो. रानडुकरांसाठी किंवा मोटारचोरीसाठी विहिरीजवळ कॅमेरा, त्यात सिम, आणि लावून देणारा पोरगा सांगतो 'पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, हा नंबर टाकला की घरून दिसेल'. सीजीनॅटमागे ते चालतच नाही, कारण बाहेरचा नंबर तुमचा एकट्याचा नाही. नंबर एकट्याचा मिळाला असला तरी ते चालतं राउटर बंद-चालू होईपर्यंतच. त्याला पैसे देण्याआधी वरचे दोन नंबर तपासा. फोनातला नाही, त्या राउटरच्या पानावरचा 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला नंबर, आणि साइटवर दिसणारा. दोन्ही जुळत नसतील तर कंपनीच्या क्लाउडवरून क्यूआर कोडनं जोडला जाणारा कॅमेरा घ्या आणि विषय संपवा.

वाशीमच्या शिवारातला भारत

गाव चिकटवतं कोण? जगात काही कंपन्या याचेच वहीखाते ठेवतात: अमुक ते अमुक नंबर, देश हा, शहर हे. साइटवाले, बँका, जाहिरातवाले ही वही विकत किंवा फुकट घेतात. वही भरायची साधनं अशी की ती बघूनच भरवसा उडावा. नंबरांचा गठ्ठा कोणाच्या नावावर नोंदला आहे हे नोंदणीत मिळतं. आशिया-पॅसिफिकची ही नोंदणी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, एपनिककडे. भारतापुरती निक्सी या भारतीय संस्थेच्या आयरिन या शाखेकडे. पण नोंदणीतला पत्ता कंपनीच्या ऑफिसचा. मुख्यालय दिल्लीला असेल तर वहीत दिल्ली, मग नंबर गडचिरोलीत वापरा की गोंदियात. दुसरं साधन म्हणजे डेटा जायला-यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजून अंतर ताडणं. तिसरं, मधल्या यंत्रांच्या नावांत शहराची आद्याक्षरं शोधणं. चौथं, ज्या अ‍ॅपनं जीपीएसची परवानगी घेतली आहे त्यातून 'हा नंबर आत्ता इथे दिसला' अशी माहिती गोळा करणं. हे त्यातल्या त्यात बरं, पण सीजीनॅटच्या नंबरावर एकाच तासात चंद्रपूर, अकोला आणि सातारा दिसतात. वहीवाला काय लिहिणार? अलीकडे काही इंटरनेट कंपन्या 'आमचे हे नंबर या शहरात' अशी यादी स्वतः प्रसिद्ध करतात, तिला जिओफीड म्हणतात. ज्या करत नाहीत त्यांच्याबाबतीत अंदाजच.

आणि काहीच माहीत नसेल, फक्त देश माहीत असेल तर? तरी नकाशावर टाचणी कुठेतरी टोचावीच लागते. मग देशाच्या मधोमध टोचतात. अमेरिकेत यातून जे झालं ते २०१६ मध्ये उघड झालं. मॅक्समाइंड ही या धंद्यातली मोठी कंपनी. अमेरिकेतला पण नेमका कुठला ते न कळलेला प्रत्येक नंबर ती ३८ उत्तर, ९७ पश्चिम या बिंदूवर दाखवत होती. तो बिंदू कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या आवारात पडत होता. ६० कोटींहून जास्त नंबर त्या एका घरावर. घरच्यांनी काहीही केलेलं नसताना वर्षानुवर्षं पोलिस, चोरीचा फोन शोधणारे आणि फसवले गेलेले लोक दारात येत राहिले. बातमी झाल्यावर कंपनीनं तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

आता आपलं बघा. अमेरिकेच्या सीआयएच्या वर्ल्ड फॅक्टबुकात भारताचे ढोबळ अक्षांश-रेखांश दिले होते २० उत्तर, ७७ पूर्व. गुगल मॅपच्या शोधपट्टीत इंग्रजी आकड्यांत २० स्वल्पविराम ७७ टाका. नागपूरचा झीरो माइल येईल असं वाटतं, पण टाचणी पडते वाशीम आणि रिसोडच्या मधल्या पट्ट्यात. 'भारतात कुठेतरी' याला हा बिंदू वापरणाऱ्या कुठल्याही वहीत देशभरचे बिनपत्त्याचे नंबर सोयाबीनच्या त्या वावरात जमा होतात. तिथल्या मालकाला याची गंधवार्ता नसावी.

म्हणून पुढची पायरी. तुमचा बाहेरचा नंबर एका साइटवर न बघता तीन वेगवेगळ्या साइटवर बघा. शहर तीन ठिकाणी तीन आलं तर आश्चर्य नको. त्याऐवजी दोन गोष्टी वाचा: देश आणि कंपनीचं नाव, जे 'आयएसपी' किंवा 'एएसएन' या खान्यात असतं. देश बहुतेक वेळा बरोबर निघतो. कंपनीचं नाव तर नोंदणीतूनच येतं, त्यामुळे ते पक्कं. शहराच्या शेजारी काही साइट 'अ‍ॅक्युरसी रेडियस' देतात, म्हणजे इतक्या किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी. वर्तुळ ५०० किलोमीटरचं असेल तर दारव्ह्याहून निघालेलं वर्तुळ हैदराबाद पोटात घेतं. शहराचं नाव ठळक अक्षरात आणि वर्तुळ बारीक अक्षरात छापणाऱ्या साइटवाल्यांना मी तरी प्रामाणिक म्हणणार नाही.

जागचे हललो नाही, तरी गाव बदलतं

याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून वेगळी वेगळी सांगत बसत नाही. लाइट गेली, राउटर बंद पडला, परत आला की नवा नंबर. आमच्याकडे भारनियमनात हे दिवसातून दोनदा होतं. मोबाइल कंपनीनं एका गेटवेवर काम काढलं की रातोरात आख्खा जिल्हा दुसऱ्या शहरातून बाहेर पडू लागतो. कंपनी एका भागातले नंबर काढून दुसऱ्या भागाला देते. नंबरांचे गठ्ठे विकलेही जातात, कधी एका देशातल्या कंपनीकडून दुसऱ्या देशातल्या कंपनीला, आणि वही दुरुस्त व्हायला वेळ लागतो. तोवर गावातला माणूस कागदोपत्री परदेशात. उलटंही होतं: तुमचा नंबर तोच असतो, वहीवाला आपली पानं नव्यानं छापतो आणि काल नागपूरला असलेले तुम्ही आज पुण्याला.

आयपीव्ही६ नं आणखी एक गंमत केली. त्यात नंबर इतके आहेत की प्रत्येक फोनाला स्वतंत्र देता येतो. त्यामुळे एकाच फोनाला एकाच क्षणी दोन पत्ते असतात, जुना सामायिक आणि नवा स्वतःचा. जी साइट नव्या पद्धतीनं बोलते तिला एक शहर दिसतं, जी जुन्याच पद्धतीनं बोलते तिला दुसरं. काकांच्या खात्यातल्या साइन-इनच्या यादीत नंतर एकाच मिनिटाला मुंबई आणि हैदराबाद अशा दोन ओळी दिसल्या त्या यामुळेच.

फोनात व्हीपीएन, म्हणजे डेटा दुसरीकडच्या सर्व्हरवरून फिरवून नेणारं अ‍ॅप, चालू असेल तर सगळंच संपलं. दिसणारा पत्ता त्या व्हीपीएनच्या सर्व्हरचा. लोक म्हणतात 'मी नाही टाकलं', पण पोरांनी गेमसाठी टाकलेलं असतं. वरच्या पट्टीत चावीचं चिन्ह दिसतं का बघा. ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर डेटा वाचवायच्या मोडमध्ये पानं आपल्या सर्व्हरवरून दाबून आणतो, तेव्हाही पत्ता त्यांचाच दिसतो.

हवामान, पीक पाहणी आणि पुण्याहून आलेला राउटर

फोनाला जागा कळायचे तीन रस्ते आहेत आणि लोक तिन्हींना 'लोकेशन'च म्हणतात. जीपीएस उपग्रहावरून, उघड्यावर काही मीटरपर्यंत. टॉवर आणि आसपासच्या वायफायवरून, त्याहून ढोबळ. आणि आयपीवरून, ज्याची कथा वर झाली.

ई-पीक पाहणी पहिल्या रस्त्यानं चालते. अ‍ॅप 'गटापासून दूर आहात' म्हणत असेल तर सिम बदलून, विमान मोड करून उपयोग नाही. बांधावर उघड्या आभाळाखाली उभे राहा, फोनाचं लोकेशन 'प्रिसाइज' किंवा 'अचूक' वर करा, दोन मिनिटं थांबा. माझ्याकडे येऊन 'इंटरनेटचं लोकेशन बदलून दे' म्हणणाऱ्यांना मी परत वावरात पाठवतो.

दुसऱ्या रस्त्याचा अनुभव मला स्वतःला आला. पुण्याहून परत आलेल्या एका नातलगानं तिथला राउटर मला दिला. दुकानात लावला आणि नकाशात माझं दुकान कोथरूडला गेलं, कारण त्या राउटरची ओळख आणि पुण्याची जागा गुगलच्या यादीत आधीपासून जोडलेली होती. लोकांचे फोन इथे जीपीएस चालू करून त्या राउटरजवळून फिरले तसं काही आठवड्यांत ते आपोआप सुधारलं.

हवामानाची चूक मात्र महागात पडते. ब्राउझरात नुसतं 'आज पाऊस' असं शोधलं आणि लोकेशनची परवानगी बंद असली तर साइट आयपी बघते. जुलैत मुंबईचा मुसळधार अंदाज बघून आमच्या एका भावानं फवारणी तीन दिवस थांबवली. इथे तिन्ही दिवस कडक ऊन आणि सोयाबीनवर अळी. यासाठी शोधताना गावाचं किंवा तालुक्याचं नाव प्रत्येक वेळी लिहा. पानाच्या तळाशी गुगल कुठलं ठिकाण धरून चाललंय ते लिहिलेलं असतं, तिथेच दुरुस्तही करता येतं. साइटला खरी जागा द्यायची असेल तर पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून परवानग्यांमध्ये लोकेशन चालू करा. हवामान खात्याचं मेघदूत अ‍ॅप जिल्हा निवडायला लावतं, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

साइन-इनचा इशारा आला तर

हा भाग सावकाश वाचा.

इशाऱ्यातल्या लिंकवर दाबू नका. खोट्या इशाऱ्यांचे मेल आणि एसएमएसही येतात आणि ते खऱ्यासारखेच दिसतात. स्वतः सेटिंग्जमध्ये जा, गुगल, मग आपलं खातं, 'सिक्युरिटी', आणि 'युअर डिव्हाइसेस'. आता शहराकडे डोळेझाक करून पहिल्यांदा वेळ बघा. त्या वेळी तुम्ही, पोरानं किंवा माझ्यासारख्या दुकानदारानं ते खातं उघडलं होतं का? मग यंत्राचं नाव बघा. घरात कोणाकडे त्या मॉडेलचा फोन आहे का? दुकानात आला असाल तर 'विंडोज' दिसेल, तो माझा कॉम्प्युटर. वेळ आणि यंत्र ओळखीचं निघालं तर शहर दिल्ली लिहिलं असलं तरी सोडून द्या.

यंत्र ओळखीचं नसेल, तर शहर तुमच्याच तालुक्याचं लिहिलं असलं तरी सोडू नका. लोक इथेच चुकतात: 'यवतमाळ दाखवतंय म्हणजे आपलंच असेल.' तुमचा पासवर्ड माहीत असलेला माणूस यवतमाळचाही असू शकतो. त्या यंत्रावर दाबून 'साइन आउट' करा, मग पासवर्ड एकदाच बदला, आणि तो नीट लिहा, बिलाच्या पाठीवर नको. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणं, चालू करा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आजचा आहे का ते बघा. आमच्याकडे निम्म्या खात्यांना बंद पडलेलं सिम जोडलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून तिथलीही अनोळखी ओळ काढा.

पैसे गेले असतील तर यातलं काहीच आधी नको. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. मग बँक, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, मग पासवर्ड.

बँकेची किंवा सरकारी साइट 'भारताबाहेरून परवानगी नाही' असं म्हणाली तर व्हीपीएन बंद करा, वायफायवरून मोबाइल डेटावर या किंवा उलट करा, विमान मोडचा प्रयोग करा. दहात नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. गावातल्या फायबरच्या लाइनवर रोजच तसं होत असेल तर केबलवाल्याला सांगा. वहीवाल्या कंपन्यांच्या साइटवर चूक दुरुस्तीचा फॉर्म असतो, आणि नंबरांचा मालक म्हणून त्यानं भरलेला फॉर्म तुमच्यापेक्षा लवकर मानला जातो.

टाचणी बघून कोणाच्या दारात जाऊ नका

ग्रामपंचायत निवडणुकीच्या आसपास आमच्या भागात फेसबुकवर एका बनावट खात्यावरून घाणेरडं लिहिलं गेलं. एका हुशार पोरानं लिंक पाठवून 'आयपी ट्रेस' केला आणि नकाशाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. टाचणी एका वस्तीवर होती. रात्री पंधरा-वीस माणसं तिथे गेली. त्या घरात साधा कीपॅडचा फोन होता. हातघाई झाली नाही हे पोलिस पाटलांमुळे.

अशा वेळी करायचं ते एवढंच. मजकूर, खात्याची लिंक आणि स्क्रीनवरची वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या, काही डिलीट करू नका, पोलिसांत जा. बाहेरच्या नंबरावरून ग्राहकापर्यंत पोचायचं काम फक्त इंटरनेट कंपनीच्या नोंदी करू शकतात, आणि त्या पोलिसांनाच मिळतात. टेलिकॉम कंपन्यांनी अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्यात असा बदल डिसेंबर २०२१ मध्ये झाला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे भारतात सेवा देणाऱ्यांनी आपल्या यंत्रणेचे लॉग, म्हणजे नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. म्हणजे साइटच्या बाजूची नोंद आधी पुसली जाऊ शकते. सहा महिने 'बघू, करू' करण्यात घालवू नका.

तक्रारीत नुसता आयपी लिहून भागत नाही. त्या नंबरामागे त्या सेकंदाला शेकडो लोक असतात, म्हणून पोर्ट लागतो आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आणि वेळ कुठली ते लिहायला लागतं. सर्व्हरच्या नोंदी बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, असतात, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. समजा नोंदीत १२ तारीख, १८:४० लिहिलंय. आपल्या वेळेनं मध्यरात्र उलटून १३ तारीख लागलेली, रात्रीचे १२ वाजून १० मिनिटं. कोणी ते १२ तारखेची संध्याकाळ, ६:४० असं वाचून कंपनीला पत्र पाठवलं, तर कंपनी अगदी बरोबर नाव कळवेल, फक्त ते संध्याकाळी त्या नंबरावर बसलेल्या दुसऱ्याच माणसाचं असेल. अर्जावर आकड्यापुढे 'यूटीसी' किंवा 'भारतीय वेळ' हे दोन शब्द मी स्वतः हातानं लिहून देतो.